ओढ्यापलीकडचा भूगोल

निजाम मास्तर पुस्तकात बघून ‘जिल्ह्यातील नद्या’ हा धडा फळ्यावर उतरवत होते आणि सातवीचा वर्ग फळ्यावरून तो वहीत उतरवत होता, तेव्हा दारात एक अनोळखी गृहस्थ येऊन उभे राहिले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खांद्याला कातडी पिशवी. त्यांनी फळा वाचला. मग मास्तरांच्या हातातलं पुस्तक पाहिलं. मग पुन्हा फळा वाचला, आणि आपल्या ताटात परका माणूस जेवायला बसलेला दिसावा तसा त्यांचा चेहरा झाला.

“हा धडा कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“सातवीचा,” मास्तर मागं न बघता म्हणाले.

“मी विचारतोय, लिहिला कुणी?”

“मीच लिहितोय की. दिसत नाही का?”

“हा धडा मी लिहिलाय,” गृहस्थ म्हणाले. “मी दामोदरपंत निमसोडकर.”

मास्तरांच्या हातातला खडू थांबला. पुस्तकाचं मुखपृष्ठ केव्हाच गेलं होतं, पण आतल्या पानावर ते नाव होतं. ‘भूगोलाची सोपी वाट, लेखक व प्रकाशक दामोदर रामचंद्र निमसोडकर, सातारा.’ लेखक नावाचा प्राणी वांगरेवाडीच्या शाळेनं आजवर पाहिला नव्हता. मास्तरांना मनापासून आनंद झाला. त्यांनी वर्गाला उभं केलं, स्वतःची खुर्ची झटकून पुढं केली आणि एका पोरीला पाणी आणायला पाठवलं.

दामोदरपंत बसले नाहीत. पाणीही प्याले नाहीत.

“हे बंद करा,” ते म्हणाले. “ही चोरी आहे.”

आता या पुस्तकाची हकीकत अशी होती. लढाई संपली, स्वातंत्र्यही मिळालं, पण कागदाची टंचाई काही सुटली नव्हती. पुस्तक सातवीच्या फायनलला लावलेलं, आणि पहिली आवृत्ती कधीच संपलेली. कडेगावात मिळेना, कऱ्हाडात मिळेना. अख्ख्या शाळेत मिळून एक प्रत, तीही धडे सुटे झालेली. निजाम मास्तरांनी मग सरळ उपाय केला. रोज एक धडा फळ्यावर लिहायचा, पोरांनी तो वहीत घ्यायचा. मास्तरांचं घराणं अत्तर विकणारं. बापाचा धंदा सोडून ते शाळेत आले ते शिकवायच्या हौसेनं, आणि एखादी गोष्ट पोरांना मिळायला हवी असं त्यांच्या डोक्यात शिरलं, की ती बाहेर काढणं कुणाला जमत नसे.

दामोदरपंतांचीही बाजू होती. या पुस्तकासाठी ते जिल्हाभर पायी हिंडले होते. नद्यांचे उगम बघायला डोंगर चढले, बाजारच्या दिवशी गावोगाव मुक्काम केले. आणि पुस्तक निघून वर्ष होतं न होतं तोच एका लबाड छापखान्यानं ते दुसऱ्याच माणसाच्या नावावर छापून विकलं होतं. तेव्हापासून पंतांना कुणाच्या हातात नुसती पेन्सिल दिसली तरी शंका येई. दुसरी आवृत्ती काढायच्या तयारीत ते शाळाशाळांतून फिरत होते, आणि फिरता फिरता वांगरेवाडीच्या फळ्यावर त्यांना स्वतःची वाक्यं सापडली होती.

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, आतलं पान वर्गाला दाखवलं आणि उभ्याउभ्याच धडा सुरू केला.

“इथं काय लिहिलंय? सर्व हक्क स्वाधीन. याचा अर्थ काय? पुस्तक हे शेतासारखं असतं. ज्यानं नांगरलं, पेरलं, राखण केली, त्याचं पीक. तुम्ही दुसऱ्याच्या शेतातली कणसं खुडून आणता का?”

सगळा वर्ग खाली बघू लागला. यातल्या बऱ्याच जणांनी कालच खुडली होती.

मागच्या बाकावरून जोतीराम उठला. जोतीरामला मिशा होत्या. तो पलटणीतून पाय अधू होऊन परत आलेला, आणि फायनल पास झाल्याशिवाय मास्तरकी मिळत नाही म्हणून पोरांत येऊन बसलेला. बाकात त्याचा पाय मावत नसे, तो बाहेर वाटेत असायचा.

“सायेब, एक इचारू का?”

“विचारा.”

“बघून लिवलं तर चोरी. मग पाठ केलं तर?”

“पाठ करायला हरकत नाही. त्यासाठीच पुस्तक आहे.”

“आन् पाठ केल्यालं परीक्षेत कागदावर लिवलं तर?”

“ते... ते उत्तर झालं.”

“म्हंजे डोक्यातनं लिवलं तर उत्तर, आन् डोळ्यांतनं लिवलं तर चोरी. दोन्हीकडं शबूद तुमचंच.”

मग दामोदरपंतांनी जोतीरामऐवजी हेडमास्तरांकडं जायचं ठरवलं.

हेडमास्तर लालासाहेबांची पेन्शन जवळ आली होती. त्यांना कुणीही मोठ्या आवाजात काही सांगितलं की ते पटत असे. दामोदरपंतांनी स्कूल बोर्डाचं नाव काढल्याबरोबर त्यांनी तिथल्या तिथं तोंडी हुकूम दिला. आजपासून शाळेच्या हद्दीत, फळ्यावर, पाटीवर वा वहीत, या पुस्तकातली एक ओळ उतरवायची नाही. आणि शिकवताना पुस्तकातला एक शब्द बदलायचाही नाही, ही पुरवणी पंतांनी स्वतः जोडली.

“मग शिकवू कसं?” निजाम मास्तरांनी विचारलं.

“वाचून दाखवा,” लालासाहेब म्हणाले.

“पोरं विसरत्यात.”

“विसरू देत. विसरण्यावर बोर्डाचा आक्षेप नाही.”

पंत दुसऱ्या गावी निघून गेले. मास्तरांनी फळा पुसला, आणि सगळ्या वर्गाला समजलं की मास्तर संतापलेत, कारण पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले होते.

“मुलांचा गुन्हा काय, तर त्यांनी वाचलेलं लिहून ठेवलं,” ते शेवटी म्हणाले. “मी हे ऐकणार नाही. पण हुकूम मोडणारही नाही. लालासाहेबांना या वयात त्रास नको.”

“गुर्जी,” जोतीराम म्हणाला, “हुकूम शाळंच्या हद्दीतला हाय. आन् कायदा खालशातला हाय.”

वांगरेवाडीच्या कडेनं एक ओढा जातो. अलीकडचं गाव खालसा मुलखात, म्हणजे मुंबई सरकारच्या. पलीकडची दहा-पंधरा घरं आणि गुऱ्हाळं संस्थानात. अलीकडं दारूबंदीचा शिपाई आला की माणसं ओढा ओलांडून पलीकडं जाऊन बसत, आणि पलीकडच्या फौजदारानं बोलावलं की अलीकडच्या पाहुण्यांकडं मुक्कामाला येत. ओढ्याला पाणी गुडघाभर, पण त्यात दोन राज्यं मावत.

“दारूचा कायदा पाण्यात भिजतो,” जोतीराम म्हणाला, “तर ह्यो कागदाचा कसा तरंल?”

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला सातवीचा वर्ग रांगेनं ओढ्यात उतरला. पुढं मास्तर, धोतर वर खोचलेलं, पुस्तक छातीशी. मागं जोतीराम, लंगडत, डोक्यावर फळा. पोरांनी वह्या दातांत धरल्या होत्या. पलीकडं जोतीरामची आत्ती मनुबाई हिचा गोठा होता. गुरं चरायला गेली की तो रिकामा असे. मनुबाईनं झाडून दिला आणि फळा दावणीला टेकवून ठेवला.

“काय शिकिवताय ह्यांस्नी?” तिनं विचारलं.

“नद्या,” मास्तर म्हणाले.

“मग आलासा त्यो वढाच दावायचा. फळा कशाला?”

त्या दिवशी ‘जिल्ह्यातील नद्या’ पूर्ण झाला. दुसऱ्या दिवशी ‘हवामान’, तिसऱ्या दिवशी ‘पिके व बाजारपेठा’. पोरं भूगोलावर इतकी खूश कधी नव्हती. पाण्यातून जायला मिळे, आणि मनुबाई मधूनमधून काकवी देई. गणित आणि इतिहासाचे तासही संस्थानात घ्या, म्हणून पोरं त्या विषयांच्या मास्तरांच्या मागं लागली.

बातमी पंतांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते तावातावानं आले आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर उभे राहिले. पलीकडं गोठ्यातून निजाम मास्तरांचा आवाज येत होता, एकेक शब्द सावकाश, लिहून घ्यायच्या चालीत.

“मास्तर,” पंत ओरडले, “तिथं तुम्ही काय करता ते करा. पण त्या वह्या या काठाला आल्या की गुन्हा. नकला बाहेरून आणणं हासुद्धा गुन्हाच आहे. पहिली वही पाण्यात उतरली की मी बोर्डात जाणार.”

मास्तर गोठ्याच्या दारात आले. “म्हणजे वह्या इथंच ठेवायच्या?”

“तिथंच.”

“बरं,” मास्तर म्हणाले, आणि परत आत गेले.

त्या दिवसापासून वह्या मनुबाईच्या गोठ्यात राहू लागल्या, वैरणीच्या माचावर. आता अभ्यास करायचा तर पोरांना पलीकडं जावं लागे. शाळा सुटली की ती ओढ्यात उतरत आणि जेवायलाच घरी येत. त्यांना हाका मारायला आया काठावर येऊ लागल्या. घरात पाणी भरायला कुणी नाही, शेरडं सोडायला कुणी नाही, सगळी संस्थानात. लालासाहेबांकडं तक्रारी आल्या. त्यांनी निजाम मास्तरांना बोलावून घेतलं.

“अहो मास्तर, जरा नमतं घ्या. डेप्युटी साहेब तपासणीला येणार आहेत. नोकरी जाईल.”

“जाईल ती भूगोलापायी जाईल,” मास्तर म्हणाले. “चोरीपायी तर नाही. मी त्यांना एवढंच विचारणार आहे, की शिकण्यासाठी लिहून घेणं यात चोरी कुठली. उत्तर मिळेपर्यंत मी त्याच काठावर शिकवणार.”

“आणि उत्तर नाही मिळालं तर?”

“तर तिथंच म्हातारा होईन. काकवी बरी असते.”

शाळाखात्याचे डेप्युटी साहेब आले ते दामोदरपंतांना घेऊनच. पंतांनी वाटेत त्यांना सगळं ऐकवलं होतं. डेप्युटी जाडजूड, शांत गृहस्थ होते. शाळेत शिरून त्यांनी सातवीचा वर्ग मागितला. लालासाहेबांनी खिडकीतून ओढ्याकडं बोट दाखवलं.

काठावर आल्यावर नवी अडचण निघाली. डेप्युटींचा दौरा मुंबई सरकारच्या खर्चानं होता. संस्थानात पाऊल टाकून तपासणी करायचा त्यांना अधिकार नव्हता.

“वर्ग इकडं बोलवा,” ते म्हणाले.

लालासाहेबांनी ओरडून निरोप दिला. पलीकडून निजाम मास्तरांनी विचारलं, “वह्या घेऊन येऊ, का ठेवून येऊ?”

“वह्या घेऊन या,” डेप्युटी म्हणाले. “वह्याच तपासायच्या आहेत.”

“पंत म्हणतात, वह्या पाण्यात उतरल्या की गुन्हा. साहेबांच्या हुकमानं गुन्हा करायचा असेल तर आमची तयारी आहे.”

डेप्युटींनी पंतांकडं पाहिलं. पंत दुसरीकडं बघू लागले. शेवटी लालासाहेबांनी शाळेतून खुर्ची मागवली, ती काठावरच्या कातळावर ठेवली, तीत डेप्युटी बसले आणि वांगरेवाडीच्या सातवीची तपासणी ओढ्याच्या दोन काठांवरून सुरू झाली. मुलं गोठ्यापुढं वह्या घेऊन रांगेत बसली. मागं मनुबाई आणि वस्तीवरची माणसं. अलीकडं पाणवठ्यावरच्या बाया धुणं टाकून उभ्या राहिल्या.

“यांनी माझं पुस्तक शब्दशः उतरवलंय,” पंत डेप्युटींना म्हणाले. “आत्ता सिद्ध करून देतो. छापताना खिळे जुळवणाऱ्यानं काही चुका केल्यात. मी माझ्या प्रतीत समासात त्या सगळ्या दुरुस्त करून ठेवल्यात, दुसऱ्या आवृत्तीसाठी. ज्यानं पुस्तकातून उतरवलं असेल त्याच्या वहीत त्याच चुका सापडतील. याहून पुरावा कोणता?”

त्यांनी पिशवीतून आपली प्रत काढली. समास बारीक अक्षरानं भरलेले होते. वर्षावर्षांची पायपीट त्या समासात होती. पहिल्या आवृत्तीनंतरही पंत हिंडायचे थांबले नव्हते.

“माणगंगा कोणत्या नदीला मिळते?” पंतांनी ओरडून विचारलं.

“कृष्णेला,” अवघा वर्ग ओरडला.

“पाहिलंत? ती भीमेला मिळते. माझ्या पुस्तकात कृष्णा छापलंय.” पंतांचा चेहरा उजळला. “रहिमतपूर कोणत्या तालुक्यात?”

“कऱ्हाड.”

“कोरेगाव! कऱ्हाड ही माझी चूक. येरळेचा उगम कुठे?”

“पाटण तालुक्यात.”

“खटाव. पाटण माझं. साहेब, एकेक चूक माझीच आहे.” पंत आनंदानं पान उलटत होते.

डेप्युटी खुर्चीत पुढं सरकले. “निमसोडकर, म्हणजे तुमच्या पुस्तकात एवढ्या चुका आहेत?”

पंतांचं बोट पानावरच थांबलं.

“येरळा पाटणात उगवते, असं पुस्तक आम्ही मंजूर केलं? आणि गेली दोन वर्षं पोरं हे शिकतायत?”

“साहेब, खिळे जुळवणाऱ्यानं...”

“मास्तर,” डेप्युटींनी पलीकडं हाक दिली, “येरळा तुमच्या शेजारून जाते. तिचा उगम तुम्हांला ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे की,” निजाम मास्तर म्हणाले. “पण पुस्तकातला शब्द बदलायचा नाही असा पंतांचा हुकूम आहे. त्यांचं पुस्तक, त्यांची नदी. तिला वळवायचा मला काय हक्क?”

पाणवठ्यावरच्या बाया हसल्या. डेप्युटींनी मात्र रागानं सांगून टाकलं, दुरुस्त मजकूर महिनाअखेर कचेरीत आला नाही तर पुस्तकाची मंजुरी रद्द. पंत पार गडबडून गेले. चुका दुरुस्त आहेत, आधीच केलेल्या आहेत, हे आत्ताच्या आत्ता पटवायला हवं होतं. त्यांनी प्रत उघडली आणि समासातली एकेक दुरुस्ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नद्या, तालुके, डोंगरांच्या उंच्या, घाटांची नावं, बाजारांचे वार. धडा पहिला ते शेवटचा. वाचता वाचता ते रंगले. कृष्णेच्या उगमापासून कऱ्हाडच्या संगमापर्यंतच्या वाटेचं त्यांनी असं वर्णन केलं, की डेप्युटीही राग विसरून ऐकत राहिले.

वाचून संपलं तेव्हा पंतांनी मान वर केली. पलीकडं सगळ्या माना खाली होत्या. पोरं लिहीत होती.

“घाटाचं नाव परत सांगा,” साळू म्हणाली. ती वर्गातली सगळ्यांत लहान, पण लिहिण्यात सगळ्यांत चपळ.

“लिहिताय?” पंत म्हणाले. “माझी दुसरी आवृत्ती लिहून घेताय? ती अजून छापलीसुद्धा नाही.”

आणि ते तसेच, जोड्यांसकट, ओढ्यात घुसले. एका हातात प्रत, एका हातात छत्री. मधल्या शेवाळलेल्या दगडावर त्यांचा पाय पडला. छत्री एकीकडं गेली, पंत दुसरीकडं बसले, आणि प्रत मधोमध पाण्यात पडली. दोन्ही राज्यांतली माणसं धावली. पंतांना उचललं संस्थानानं आणि छत्री काढली खालशानं. प्रत खालच्या अंगाला झुडपात अडकली होती. जोतीरामनं ती काढून आणली. छापलेलं सगळं शाबूत होतं. समासातली शाई तेवढी धुऊन गेली होती. पानापानाच्या कडेला निळसर ओल उरली होती, बाकी काही नाही.

दामोदरपंत मनुबाईच्या गोठ्यात घोंगडी पांघरून बसले. कोट दावणीवर वाळत होता. ते एकेक पान उलटून बघत होते, जणू एखाद्या कोपऱ्यात अक्षर उरलं असेल.

“आठवत नसंल का?” मनुबाईनं हळूच विचारलं.

“उंच्या नाही आठवत,” पंत म्हणाले. “वार नाही आठवत. लिहून ठेवलं म्हणूनच लक्षात ठेवलं नव्हतं.”

निजाम मास्तरांना हे वाक्य ऐकून काहीतरी बोलावंसं वाटलं. पण घोंगडीतल्या माणसाकडं बघून त्यांनी ते गिळलं, आणि त्याऐवजी दारात जाऊन काठावरच्या डेप्युटींना जो प्रश्न विचारायचा होता तो विचारला.

“साहेब, मला एवढंच सांगा. पोरानं शिकण्यासाठी पुस्तकातलं वहीत उतरवलं, तर कायद्यानं ती चोरी होते का?”

“नाही,” डेप्युटी खुर्चीतून म्हणाले. “स्वतःच्या अभ्यासासाठी कुणीही हातानं उतरवून घ्यावं. कायद्यातच तशी मुभा आहे. छापून किंवा नकला करून विकायला मात्र मालकाची परवानगी लागते.”

“म्हणजे आम्ही अलीकडंच राहिलो असतो तरी चाललं असतं?”

“अर्थात.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी मला कुणी विचारलं नाही. मला फक्त तक्रार सांगितली.”

मास्तरांनी मनाशी हिशेब मांडला. एवढं पाणी तुडवलं, एवढे दिवस फळा डोक्यावर वाहिला, आणि ते सगळं ज्याविरुद्ध केलं तो कायदा मुळात त्यांच्याच बाजूचा निघाला. लढाई जिंकल्याचं सुख व्हावं तर ती लढायची गरजच नव्हती असं कळावं, हे त्यांना काही आवडलं नाही. त्यांनी आत येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘शिकण्यासाठी उतरवणे, हक्क. विकण्यासाठी उतरवणे, परवानगी.’ आणि वर्गाकडून तीनदा मोठ्यानं म्हणवून घेतलं. अलीकडच्या काठावर लालासाहेबांनीही बरोबर म्हटलं.

पंत ऐकत होते. मग त्यांनी घसा साफ केला.

“मास्तर, मुलांनी आत्ता जे लिहून घेतलं, ते मला जरा बघायला मिळेल?”

जोतीराम पाय सरळ करून दारात बसला होता. त्यानं पंतांकडं पाहिलं, मग फळ्याकडं.

“सायेब, शिकायला उतरून घेताय का इकायला?”

निजाम मास्तरांनी जोतीरामला गप्प करायला हवं होतं. त्यांनी केलं नाही. त्यांनाही उत्तर हवं होतं. पंतांना ‘शिकायला’ म्हणता आलं असतं. वह्या मिळाल्या असत्या आणि कुणी तपासायला आलं नसतं. त्यांनी घोंगडी घट्ट आवळून घेतली. लबाड छापखान्यानं त्यांचं पुस्तक उचललं तेव्हा त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, हे बहुधा त्यांना आठवलं असावं.

“विकायला,” ते म्हणाले.

“मग परवानगी लागंल,” जोतीराम म्हणाला. त्याच्या आवाजात आता टोचणी नव्हती. “माझी घ्या. माझी वही ही बघा. पर अक्षर पलटणीतलं हाय, लागलं तर इचारा.”

पंत घोंगडीसकट उठले आणि रांगेनं प्रत्येक पोरापुढं बसले. प्रत्येकाला त्यांनी विचारलं आणि प्रत्येकानं मान हलवली. शेवटी साळू उरली. सगळ्या दुरुस्त्या पुऱ्या एकट्या तिच्याच वहीत होत्या.

“न्हाई,” साळू म्हणाली.

“का गं?”

“तुमी आमच्या गुर्जींला चोर म्हनला हुता.”

निजाम मास्तर गडबडीनं फळा पुसायला लागले. पंतांनी टोपी काढली. ती अजून ओली होती. मास्तरांकडं वळून, पोरांच्या देखत, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “मास्तर, मी चुकीचा शब्द वापरला. तो मागं घेतो.” मास्तरांनी पाठमोरंच “असू दे, असू दे” म्हटलं. साळूनं वही पुढं केली.

गुरं परत यायच्या आत उतरवून झालं. दुसऱ्या दिवशी वर्ग वह्यांसकट ओढा उतरून शाळेत आला. पुढं फळा, मागं पोरं, दारात लालासाहेब, आणि त्यांच्या देखत मास्तरांनी पहिल्याच तासाला पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत फळ्यावर उतरवला.

दुसरी आवृत्ती निघाली ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिला गठ्ठा घेऊन पंत स्वतः वांगरेवाडीला निघाले. येरळा खटावात उगवत होती, रहिमतपूर कोरेगावात होतं, माणगंगा भीमेला मिळत होती. आतल्या पानावर, हक्कांच्या ओळीखाली, विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी उतरवून घेण्यास हरकत नाही, असं पंतांनी मुद्दाम छापलं होतं. वाटेत कडेगावच्या स्टँडवर त्यांनी वर्तमानपत्र घेतलं आणि तिथंच ते मटकन बसले. संस्थानं विलीन झाली होती. औंध गेलं, सांगली गेली, पुस्तकातला सगळा राजकीय भूगोल एका फटक्यात जुना झाला होता. वर पुन्हा, या जिल्ह्याचेही आता दोन भाग होणार, असं शेजारचा माणूस सांगत होता.

ते शाळेत पोचले तेव्हा सातवीचा तास चालू होता. निजाम मास्तर तेच वर्तमानपत्र हातात धरून फळ्यावर नवा नकाशा काढत होते. ओढ्याच्या जागी त्यांनी नुसती निळी रेघ ओढली होती, हद्दीचे ठिपके काढले नव्हते. पोरं वह्यांत उतरवत होती. पंतांनी गठ्ठा दाराबाहेरच ठेवला. ते मागच्या बाजूला गेले. जोतीरामनं वाटेतला पाय ओढून घेतला आणि बाकावर जागा केली. पंतांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं, आणि लिहायला लागले.

मास्तरांचं लक्ष गेलं.

“पंत, तिथनं फळा दिसतोय का?”

“दिसतोय,” दामोदरपंत वर न बघता म्हणाले. “फक्त पुसायची घाई करू नका.”